पास्ता आल्ला नोर्मा : कातानियाचा वांगी-टोमॅटो पास्ता

पास्ता आल्ला नोर्मा हा सिसिली बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील कातानिया शहराचा पदार्थ. एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेल्या या शहरात तो घरोघरी होतो आणि खानावळींतही मिळतो. उकडलेला पास्ता, लसणाच्या वासाचा टोमॅटो सॉस, तळलेली वांगी, बेसिलची पाने आणि वरून किसलेले खारवलेले रिकोटा चीज, एवढ्यावर तो उभा असतो. मांस-मासळी नाही, मसाला नाही, अनेक घरांत कांदाही नाही. जिन्नस इतके मोजके असले की कोणताच जिन्नस दुसऱ्याच्या आड लपू शकत नाही. त्यातही खरी परीक्षा वांग्याची. वांगे नीट तळले गेले तर पदार्थ जमला. ते तेलात निथळणारे किंवा आतून कचकचीत राहिले, तर उत्तम टोमॅटो आणि महागडे चीज घालूनही तो सावरत नाही.

हे जिन्नस सिसिलीत एकाच वेळी आलेले नाहीत. वांगे मूळचे आशियातले. भारत आणि आसपासच्या प्रदेशांत ते लागवडीखाली आले आणि पुढे अरबांबरोबर भूमध्य समुद्राच्या काठी पोचले. सिसिलीवर अरबांची स्वारी ८२७ साली सुरू झाली; अकराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मनांनी बेट पूर्ण जिंकले, पण तोवर तिथली शेती आणि स्वयंपाक दोन्ही बदलून गेले होते. वाळवलेल्या पास्त्याचा एक जुना महत्त्वाचा उल्लेखही याच बेटावरचा आहे. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या दरबारातील भूगोलतज्ज्ञ अल-इद्रिसी याने ११५४ मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचे वर्णन केले आहे. तिथे कणकेच्या वाळवलेल्या दोऱ्या मोठ्या प्रमाणावर होतात आणि जहाजे भरभरून परमुलखात जातात, असे तो सांगतो. टोमॅटो सगळ्यांत उशिरा आला. अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात इटलीत पोचलेले हे फळ बराच काळ खाण्यापेक्षा नवलाईचेच राहिले. १६९० च्या दशकात नेपल्समध्ये छापलेल्या अंतोनियो लातिनी यांच्या ग्रंथात टोमॅटोचा सॉस 'स्पॅनिश पद्धतीचा' म्हणून येतो. पास्ता आणि टोमॅटो ही जोडी छापील पाककृतींत दिसू लागते ती त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

उत्तर इटलीने वांग्याला आणखी ताटकळत ठेवले. पेल्लेग्रिनो आर्तुसी यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाकग्रंथात नोंद आहे की चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी क्वचितच दिसत. ज्यूंचे खाणे म्हणून लोक त्यांना नाक मुरडत. सिसिलीत मात्र तोपर्यंत वांग्याशिवाय उन्हाळा सरत नव्हता.

पदार्थाचे नाव विन्चेन्झो बेल्लिनी यांच्या 'नोर्मा' या ऑपेराशी जोडले जाते. बेल्लिनी १८०१ मध्ये कातानियात जन्मले. 'नोर्मा'चा पहिला प्रयोग २६ डिसेंबर १८३१ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात झाला; त्या रात्री प्रेक्षक थंडच राहिले, पण पुढे ती कृती बेल्लिनींचे शिखर मानली गेली. कातानियाचे नाटककार निनो मार्तोल्यो यांनी एका मेजवानीत हा पास्ता चाखून 'ही तर नोर्मा!' असे उद्गार काढले आणि नाव रुजले, अशी कथा सांगतात. कथा ऐकीव आहे. शहराला बेल्लिनींचा केवढा अभिमान आहे, हे मात्र तिच्यातून नक्की कळते: तिथले मोठे ऑपेरागृह त्यांच्या नावाचे आहे आणि १८९० मध्ये त्याचे उद्घाटन 'नोर्मा'नेच झाले.

आता वांग्याकडे. वांग्याचा गर पेशींचा घट्ट गोळा नसतो. पेशींच्या मध्ये हवेने भरलेल्या असंख्य पोकळ्या असतात. म्हणून हातात घेतले तर ते आकाराच्या मानाने हलके लागते आणि दाबले तर स्पंजासारखे दबून पुन्हा वर येते. गरम तेलात पडले की या पोकळ्यांत तेल शिरते. 'वांगं तेल पितं' ही स्वयंपाकघरातली तक्रार शब्दशः खरी आहे. त्यातही एक बारकावा आहे. तळण चालू असताना आतल्या पाण्याची वाफ जोराने बाहेर पडत असते आणि ती तेलाला अडवून धरते. फोडी कढईबाहेर काढल्या की आतली वाफ थंड होऊन आकसते आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणजे बरेचसे तेल तळून झाल्यावरच्या पहिल्या मिनिटात आत जाते. झाऱ्यावर नीट निथळणे आणि लगेच जाळीवर किंवा कागदावर एका थरात पसरणे यांमुळे त्यात मोठा फरक पडतो. ताटलीत ढीग करून ठेवलेल्या फोडी एकमेकींचे तेल पीत बसतात.

तळण्याआधी मीठ लावण्याची पद्धत यासाठीच आहे. चकत्यांवर किंवा फोडींवर मीठ भुरभुरले की परासरणाने पेशींतले पाणी बाहेर येते, पेशींचा ताठरपणा जातो आणि हवेच्या पोकळ्या काही प्रमाणात मिटतात. अर्धा किलो वांग्यांना एक लहान चमचा मीठ पुरते. चाळणीत घालून अर्धा ते एक तास ठेवले की खाली तपकिरी पाणी साचलेले दिसते. त्यानंतर फोडी भराभर धुवून, फडक्यात दाबून अगदी कोरड्या कराव्या लागतात. ओली फोड तेलात गेली की तेल उडते, त्याचा ताप उतरतो आणि फोड तळली न जाता शिजू लागते. मिठाने कडवटपणा निघून जातो असे जुनी पुस्तके सांगतात. आजच्या बहुतेक जातींत कडवटपणा मुळातच कमी असतो आणि मीठ तो काढून टाकण्यापेक्षा जिभेला कमी जाणवू देते. मीठ लावण्याचे मुख्य कारण पोत आणि तेल हेच.

मराठी घरांत वांगे चिरले की ते मिठाच्या पाण्यात टाकायची सवय असते. त्यामागचा हेतू वेगळा आहे. चिरलेल्या गरातली फिनॉलवर्गीय द्रव्ये हवेतील ऑक्सिजन आणि विकर यांच्या संयोगाने काळवंडतात. पाण्याने हवेचा संबंध तुटतो आणि फोडी पांढऱ्या राहतात. रस्साभाजीसाठी हे ठीक, तळणासाठी नाही. पाण्यात पडलेले वांगे पाणी सोडण्याऐवजी ते धरून ठेवते. फोड तळून तांबूस व्हायचीच असते, तेव्हा थोडी काळवंडली तर काही बिघडत नाही.

मीठ लावून तासभर थांबायला वेळ नसेल तर मायक्रोवेव्हचा उपाय आहे. मीठ भुरभुरलेल्या फोडी कागदावर पसरून काही मिनिटे फिरवल्या की वाफेने पोकळ्या कोसळतात आणि फोडी आक्रसतात. दिसायला त्या केविलवाण्या होतात, पण तेल बरेच कमी पितात. तेल लावून ओव्हनमध्ये भाजलेली वांगीही चालतात. मात्र भाजलेल्या वांग्याला तळलेल्याची खमंग कड येत नाही आणि ती कड हाच या पदार्थाचा अर्धा जीव आहे. तेलाची धास्ती असेल तर पास्ता वारंवार करू नये. केला तर तळूनच करावा.

वांग्याची निवड हा पुढचा प्रश्न. सिसिलीत मोठी, गोलसर, फिकट जांभळी आणि कमी बियांची वांगी पसंत करतात. महाराष्ट्रात भरताची वांगी त्यांना जवळची आहेत. भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे हिरवट भरताचे वांगे गोडसर आणि भरपूर गराचे असल्यामुळे उत्तम तळले जाते. कृष्णाकाठची लहान काटेरी वांगी भरून करायलाच हवीत. त्यांच्या चार फाकी तळल्या की पास्त्यात सालच साल लागते. वांगे घेताना ते तेवढ्याच आकाराच्या इतर वांग्यांपेक्षा जड, तुकतुकीत सालीचे आणि हिरव्या देठाचे असावे. अंगठ्याने दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर ते शिळे, आणि साल निस्तेज होऊन टणक लागले तर जून. जून वांग्याच्या बिया कडू असतात आणि दातांत येतात. आणलेली वांगी फ्रिजमध्ये दिवसेंदिवस ठेवू नयेत. दहा अंशांखालच्या थंडीत साल खड्ड्यांनी भरते आणि बिया तपकिरी पडतात. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणाऱ्या घरांत ते चंपाषष्ठीला पुन्हा ताटात येते. त्यानंतरच्या थंडीत मिळणारी वांगी या पदार्थाला सर्वांत चांगली.

चार माणसांसाठी सातशे ते आठशे ग्रॅम वांगी लागतात. साल ठेवावी, कारण तळताना तीच फोडीचा आकार धरून ठेवते. साल जाड असेल तर उभे पट्टे सोलून झेब्र्यासारखे वांगे करतात. कातानियात काही जण बोटभर जाडीच्या चकत्या करतात, काही दोन सेंटिमीटरच्या फोडी. चकत्या दिसतात छान, फोडी पास्त्यात मिसळायला सोप्या. तेल १७५ ते १८० अंश तापलेले हवे. थर्मामीटर नसेल तर एक फोड टाकून पाहावे: ती लगेच वर येऊन भोवती जोमाने बुडबुडे यायला हवेत. तिथे ऑलिव्ह तेलात तळण्याची रीत जुनी आहे. इथे रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल अधिक सोयीचे, आणि शेवटी चवीपुरते ऑलिव्ह तेल घालता येते. घाण्याचे शेंगदाणा तेल मात्र नको, त्याचा वास टोमॅटोवर मात करतो. एका वेळी कढईत जेमतेम एक थर होईल एवढ्याच फोडी सोडाव्या. चार-पाच मिनिटांत त्या गडद सोनेरी होतात आणि सुरीचे टोक आत लोण्यात गेल्यासारखे जाते.

वांगी आधी तळायची आणि मग सॉसमध्ये घालायची, या क्रमालाही रसायनशास्त्राचा आधार आहे. वनस्पतींच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन आंबट माध्यमात लवकर विरघळत नाही. कच्ची वांगी थेट टोमॅटोत शिजवली तर ती बराच वेळ रबरासारखी राहतात, आणि ती मऊ होईपर्यंत सॉस आटून चिकट झालेला असतो.

टोमॅटो हे वांग्याचेच भावकीतले; मिरची आणि बटाटाही त्याच कुळातले. सॉससाठी आठशे ग्रॅम ते एक किलो पूर्ण पिकलेले टोमॅटो घ्यावेत. बाजारातले बरेचसे संकरित टोमॅटो लांबच्या वाहतुकीसाठी टणक आणि जाड सालीचे निवडलेले असतात, म्हणून ते घरी दोन-तीन दिवस परडीत, फ्रिजबाहेर ठेवून लालबुंद होऊ द्यावेत. तळाशी फुलीचा छेद देऊन अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात घातले की साल सुटते. बिया काढून टाकण्याचा सल्ला अनेक पाककृती देतात. तो न मानलेला बरा. टोमॅटोच्या रुचकरपणामागचे ग्लुटामेट गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात जास्त असते; तो रस मोरीत गेला की चवही गेली. बिया नकोच असतील तर शिजल्यावर सॉस गाळून घ्यावा. इटलीतही बिनमोसमात डबाबंद सोललेले टोमॅटो सर्रास वापरतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. सिसिलीतल्या कुटुंबांत उन्हाळ्यात टोमॅटोचा गाळलेला रस बाटल्यांत भरून वर्षभरासाठी ठेवण्याची प्रथा आहे.

पसरट पातेल्यात तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल मंद आचेवर तापवून त्यात ठेचलेल्या दोन-तीन लसूण पाकळ्या फिकट सोनेरी होऊ द्याव्यात. आपल्या फोडणीसारखा लसूण खरपूस करायचा नाही. तो करपला की सॉस कडू होतो. मग कुस्करलेले टोमॅटो, थोडे मीठ आणि बेसिलची एक डहाळी घालून झाकण न ठेवता वीस ते पंचवीस मिनिटे रटरटू द्यावे. कडेने तेल सुटू लागले आणि डाव फिरवल्यावर तळाशी क्षणभर वाट दिसली की सॉस झाला. फार आंबट लागला तर चिमूटभर साखर घालावी. ओरेगॅनोची पुडी, ढोबळी मिरची, क्रीम आणि केचप या चौघांना इथे काम नाही. त्यांनी होणारा पास्ता चविष्टही असेल, पण त्यात वांगे शोधावे लागते.

सुक्या पास्त्याचा कस गव्हावर ठरतो. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करण्याचे बंधन घातले. या कठीण, पिवळसर गव्हातल्या प्रथिनांचे जाळे पास्त्यातील स्टार्चला शिजताना धरून ठेवते. मैद्याच्या पास्त्यात ते जाळे दुबळे असते. स्टार्च पाण्यात उतरते आणि पास्ता बाहेरून गिळगिळीत होतो. उपम्यासाठी मिळणारा बन्सी रवा ड्युरम जातीच्याच गव्हाचा, त्यामुळे हा गहू मराठी स्वयंपाकघराला परका नाही. पाकिटावरील घटकांच्या यादीत 'ड्युरम गव्हाचा रवा' आहे की नाही, एवढे पाहावे. या पदार्थासाठी रिगातोनी किंवा पेने यांसारख्या आखूड नळ्या सोयीच्या, कारण सॉस आत शिरतो. कातानियात स्पॅगेटीही चालते.

चारशे ग्रॅम पास्त्याला चार लिटर पाणी आणि सुमारे चाळीस ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे मीठ. आकडा जास्त वाटतो, पण बहुतेक मीठ पाण्याबरोबरच ओतले जाते. पाणी खळखळ उकळल्यावरच पास्ता सोडून पहिली दोन मिनिटे ढवळावे; त्या वेळी पृष्ठभागावरचे स्टार्च चिकट झालेले असते आणि नळ्या एकमेकींना धरतात. पाण्यात तेल घालण्याचा फायदा नाही. ते वर तरंगते आणि गाळताना पास्त्याला लागून सॉस निसटायला मदत करते. गाळलेला पास्ता नळाखाली धरण्याची सवय तर मोडायलाच हवी, कारण सॉस ज्याला चिकटतो ते स्टार्चच त्यात धुवून जाते. कुकरच्या शिट्ट्यांबद्दल बोलायला नको. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटे आधी एक नळी चावून पाहावी. मधोमध पांढरा ठिपका उरला असेल आणि दाताला किंचित अडत असेल, तर ती काढायची वेळ झाली. गाळण्यापूर्वी दोन वाट्या पाणी बाजूला काढून ठेवावे.

चीजचा भाग शाकाहारी माणसासाठी थोडा गुंतागुंतीचा आहे. रिकोटा दुधापासून नव्हे, तर चीज करताना उरलेल्या निवळीपासून करतात. मेंढीच्या दुधाची निवळी ऐंशी ते नव्वद अंशांपर्यंत तापवली की तिच्यातली उरलेली प्रथिने गोठून वर येतात. ती गोळा करून, खारवून, दाबून काही आठवडे मुरवली की किसण्याजोगे पांढरे, खारट, ठिसूळ चीज मिळते. पण ती निवळी ज्या चीजची असते, ते पुष्कळदा वासरा-कोकरांच्या जठरातील रेनेटने विरजलेले असते. पार्मिजानो रेज्जानो चीजला तर नियमानेच वासराचे रेनेट लागते, त्यामुळे काटेकोर शाकाहारात ते बसत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या चीजवर हिरवा ठिपका असेल, तर त्यात प्राणिज रेनेट नसते.

घरगुती पर्याय पनीरचा. ते आंबटाने फाडलेले असल्यामुळे रेनेटचा प्रश्न येत नाही आणि रिकोटाप्रमाणेच तेही उष्णतेने वितळत नाही. दोनशे ग्रॅम पनीरला सगळीकडून एक लहान चमचा मीठ चोळून, सुती फडक्यात बांधून, वजनाखाली दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवावे आणि ओले झालेले फडके रोज बदलावे. पनीर पाणी सोडून घट्ट होते आणि जाड किसणीवर भुरभुरीत किसले जाते. मेंढीच्या दुधाचा उग्रपणा त्यात नाही, पण खारटपणा आणि पोत जमतो. वितळून तारा धरणारे चीज इथे वांग्याला गुंडाळून टाकते.

बेसिल शेवटी येते, कारण त्याचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांचा असतो आणि आचेवर टिकत नाही. घरची तुळस त्याच वंशातली, तरी तिचा लवंगेसारखा तिखट वास इथे खपत नाही. फालुद्यात घालतात तो सब्जा मात्र बेसिलच्याच जातीचे बी आहे. कुंडीत पेरलेल्या सब्ज्याची कोवळी पाने अडीनडीला वापरता येतात. पाने सुरीने न चिरता हातांनी तोडावीत.

जुळणीला दोन-तीन मिनिटेच लागतात. गाळलेला पास्ता सॉसच्या पातेल्यात घालून मोठ्या आचेवर बाजूला ठेवलेल्या पाण्यापैकी अर्धी वाटी पाणी ओतायचे आणि जोराने हलवायचे. पाण्यातले स्टार्च तेल आणि टोमॅटोचा रस यांना एकजीव करते आणि सॉस तुकतुकीत होऊन प्रत्येक नळीला लागतो. वांग्याच्या निम्म्या फोडी आत मिसळाव्या, निम्म्या ताटलीत वरून ठेवाव्या, म्हणजे काही सॉस पिऊन मऊ होतात आणि काहींची कड खमंग राहते. वर चीज आणि बेसिल पडल्यावर थांबण्यात अर्थ नाही. पास्ता पाणी ओढत राहतो आणि दहा मिनिटांत कोरडा पडतो. उरलाच तर दुसऱ्या दिवशी थोडा सॉस आणि उरलेले चीज घालून, पसरट भांड्यात दाबून, वरचा थर कुरकुरीत होईपर्यंत ओव्हनमध्ये भाजतात.